मर्यादित खर्चात जगभरातील नाण्यांचा संग्रह: सुरुवात कशी करावी?

परभणीकर:
नमस्कार मंडळी. माझा मेहुणा बरीच वर्षे आखाती देशांत नोकरीला होता. गावी परतल्यावर त्याने उरलेल्या चिल्लरीचा डबा माझ्या मुलीच्या हाती दिला. त्यात दिरहम, रियाल आणि काही युरोची नाणी आहेत. मुलीला त्यांची गोडी लागल्यामुळे आम्ही दोघांनी मिळून जगभरातील नाण्यांचा संग्रह रीतसर सुरू करायचे ठरवले आहे. मात्र या छंदावर महिन्याला ५०० रुपयांहून अधिक खर्च करणे मला परवडणारे नाही. प्रत्येक देशाचे एक नाणे, असे उद्दिष्ट ठेवावे का? परदेशी नाणी विकणारे दुकान येथे माझ्या पाहण्यात नाही, तेव्हा ती मिळवावीत कोठून? काही नाणी काळवंडली आहेत. ती चिंचेने घासली तर चालतील का? शिवाय सौदी नाण्यांवरील साल आम्हाला वाचताच येत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

गोदाकाठ, नांदेड:
परदेशी नाणी स्वस्त का मिळतात, हे आधी समजून घेतले तर पुढची खरेदी सोपी होते. चलन बदलून देणारे सहसा फक्त नोटा स्वीकारतात, नाणी घेत नाहीत. त्यामुळे परदेशातून आलेल्या माणसाजवळ उरलेली चिल्लर त्याच्या दृष्टीने बिनकामाची ठरते आणि कपाटाच्या खणात पडून राहते. म्हणून पहिला शोध दुकानात न घेता ओळखीपाळखीत घ्यावा. आमच्या नांदेडला हुजूर साहिबच्या दर्शनासाठी कॅनडा आणि इंग्लंडहून भाविक येतात, वेरूळ-अजिंठ्याला जपान, थायलंड, श्रीलंका येथून पर्यटक येतात. त्यांच्याशी रोजचा व्यवहार असणाऱ्या रिक्षाचालकांकडे, लॉजवाल्यांकडे आणि लेण्यांजवळच्या विक्रेत्यांकडे विचारून पाहावे. नाण्याचा वाजवी मोबदला मात्र जरूर द्यावा, फुकट मागू नये.

विकत घ्यायचेच असेल तर मोठ्या शहरांतील नाणे-प्रदर्शनांत मिश्र नाण्यांचे ढीग असतात, त्यातून स्वतः निवडून घ्यावे. अशा ढिगांत व्यवहारातून बाद झालेली चलने हमखास सापडतात. १ जानेवारी २००२ रोजी युरोची नाणी चलनात आली आणि जर्मनीचे फेनिग, इटलीचे लिरा, स्पेनचे पेसेता यांची जागा त्यांनी घेतली. ती जुनी नाणी लोकांच्या घरी इतकी उरली, की आजही ती किरकोळ भावात मिळतात. सोव्हिएत कोपेकचेही तसेच आहे. क्रोएशियाचे कुना तर अगदी अलीकडे, १ जानेवारी २०२३ पासून, इतिहासजमा झाले.

प्रत्येक देशाचे एक नाणे हे उद्दिष्ट सुरुवातीला ठीक आहे. पुढे मात्र व्हॅटिकन, मोनाको, सान मारिनो यांसारख्या चिमुकल्या देशांपाशी गाडी अडते, कारण त्यांची युरो नाणी दर्शनी किमतीच्या कितीतरी पटींनी विकली जातात.

निवृत्त शिक्षक, अंबाजोगाई:
वरील मताशी मी निम्मा सहमत आहे. देशांची यादी भरत जाण्यात मुलांचा उत्साह काही महिने टिकतो, पण पुढे संग्रह म्हणजे नुसती हजेरी होऊन बसते. त्यापेक्षा एखादा विषय धरावा. आपल्याकडील मुलीला सहज भिडेल असा विषय म्हणजे शेती, आणि सुदैवाने तो सर्वांत स्वस्त विषयांपैकी एक आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९६८ पासून अनेक देशांना अन्न आणि शेती या विषयांवर नाणी काढण्यास प्रोत्साहन दिले. त्यांतील बरीचशी रोजच्या व्यवहारातील, हलक्या ॲल्युमिनियमची आणि मोठ्या संख्येने पाडलेली असल्यामुळे ती आजही अत्यल्प किमतीत मिळतात. भारतानेही १९७० मध्ये ‘सर्वांसाठी अन्न’ या विषयावर २० पैशांचे नाणे काढले होते.

पाकिस्तानने १९७४ पासून काढलेली मालिका पाहावी: १ पैशावर कापसाचे झाड, २ पैशांवर भात, ५ पैशांवर ऊस आणि १० पैशांवर गव्हाच्या लोंब्या. परभणीच्या काळ्या रानात वाढलेल्या मुलीला त्या नखाएवढ्या नाण्यावर बोंडे ओळखायला सांगा, भिंग तिच्या हातातून सुटणार नाही! बांगलादेशाच्या सुरुवातीच्या नाण्यांवर विड्याचे पान आणि रोहू मासाही आहे.

नेपाळची नाणी अवश्य घ्यावीत, कारण त्यांवरील मजकूर देवनागरीत असतो आणि साल विक्रम संवताचे असते. त्यातून ५७ वजा केले की इसवी सन मिळतो. थायलंडच्या नाण्यावरील बौद्ध सालातून ५४३ वजा करावेत. नाणे ओळखण्यासाठी महागडी छापील सूची घेण्याची गरज नाही. नुमिस्ता या संकेतस्थळावर छायाचित्रांसह विनामूल्य माहिती मिळते.

सराफ्याजवळचा, छत्रपती संभाजीनगर:
चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट यांपैकी काहीही नाण्याला लावू नये. आम्ल धातूचा वरचा थर खाते, घासल्याने बारीक ओरखडे उठतात, आणि चकचकीत झालेल्या नाण्याकडे जाणकार संग्राहक पाहतही नाही. चिकट मळ असेल तर साध्या पाण्यात भिजवून ठेवावे आणि न घासता मऊ कापडाने टिपून घ्यावे, एवढेच पुरे. काळपटपणा तसाच राहू द्यावा. साठवणीसाठी स्वस्त, मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पिशव्या टाळाव्यात, कारण काही काळाने त्यांतून नाण्यावर हिरवट चिकट थर चढतो. कार्डाच्या चौकटीत मायलर म्हणजे पातळ पारदर्शक प्लास्टिकचा पडदा असलेले होल्डर थोडे महाग पडतात, पण पहिल्या महिन्याचे पैसे मी त्यांवरच खर्च करीन.

एक छोटे लोहचुंबक जवळ ठेवावे. मुलीला गंमतही वाटेल: ब्रिटनचे १९९२ पूर्वीचे १ पेनीचे नाणे कांस्याचे असल्याने चुंबकाला चिकटत नाही, नंतरचे तांब्याचा मुलामा दिलेले पोलादी असल्याने चिकटते. ‘चांदीचे’ म्हणून दिलेले नाणे चुंबकाला चिकटले तर तेथून सरळ निघून यावे.

पैठण, तेर परिसरातील ‘शेतात सापडलेली’ सातवाहन नाणी कोणी देऊ केली तर हात आखडता घ्यावा. जमिनीत सापडलेल्या धनाबाबत १८७८ चा कायदा आहे आणि १० रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. तसेच जुन्या नाण्याचे लाखो रुपये मिळवून देतो म्हणून आधी कमिशन किंवा कर मागणाऱ्यांपासून सावध राहावे. अशा फसवणुकीविषयी रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये लोकांना सावध केले होते.

परभणीकर:
सर्वांचे मनापासून आभार. गुरुजी, शेतीचा विषय मुलीला फारच आवडला, आणि चिंच पुन्हा स्वयंपाकघरात गेली आहे. सौदी नाण्यांवरील सालाचे तेवढे कोणी सांगाल का?

सराफ्याजवळचा, छत्रपती संभाजीनगर:
ते राहूनच गेले. जुन्या सौदी नाण्यांवर हिजरी साल अरबी अंकांत असते. त्या अंकांत आपल्या पूज्यासारखे दिसणारे गोल चिन्ह म्हणजे पाच, आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. नवखे वाचक बहुधा येथेच चुकतात. हिजरी सालाला ०.९७ ने गुणून त्यात ६२२ मिळवावेत, म्हणजे इसवी सन एखाद्या वर्षाच्या फरकाने मिळतो. नाण्यावर १४०८ असेल तर ते १९८७-८८ चे आहे. निजामाच्या हैदराबाद संस्थानातील ‘हाली सिक्का’ या चलनाच्या नाण्यावरचे सालही हिजरीच असल्याने, घरात आजोबांच्या काळातले एखादे नाणे असेल तर त्यावरही मुलीला हा हिशेब करून पाहता येईल.