डॉक ब्राउनच्या वायरिंगवर सही कोण करेल?

मंडळी, काल रात्री 'बॅक टू द फ्यूचर' पुन्हा पाहिला. 1985 चा सिनेमा. घड्याळाच्या मनोऱ्यावरून खाली येणारी केबल दिसली की माझ्या तोंडून "अरे, अर्थिंग कुठाय?" निघतंच. लेक वैतागून म्हणाली, "बाबा, सिनेमा बघताय की साइटवर आलाय?"

म्हणून हा धागा. वायरमन, लाइनमन, पॅनलवाले, दुरुस्तीवाले, सगळे या. काय पटलं, काय खटकलं आणि त्यावरून स्वतःचा कोणता प्रसंग आठवला ते लिहा. अट एकच: फ्लक्स कपॅसिटर (गाडीला काळात मागे-पुढे नेणारा सिनेमातला भाग) चालतो, हे गृहीत धरायचं. (त्याचे तीन हात मध्यभागी जोडलेत, म्हणजे स्टार कनेक्शन. न्यूट्रल, म्हणजे मधल्या जोडाची तार, बाहेर काढलेला दिसत नाही, पण जाऊ द्या.)

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: डॉक ब्राउन या शास्त्रज्ञाने गाडीचं टाइम मशीन केलंय आणि ते चालवायला वीज हवी. 12 नोव्हेंबर 1955, रात्री 10:04 ला मनोऱ्यावर वीज पडणार हे आधीच माहीत आहे. ती केबलने रस्त्यावर आणायची आणि ताशी 88 मैलांनी येणाऱ्या गाडीच्या आकड्याने ती उचलायची. लागणार 1.21 गिगावॉट, म्हणजे 121 कोटी वॉट.

सुरुवात माझ्यापासून. इतकी वर्षं मी या 1.21 गिगावॉटला हसत होतो. काल कागद घेऊन बसलो. विजेच्या एका तडाख्यात साधारण 30 हजार अँपिअर धरतात. करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स म्हणजे पॉवर. 1.21 गिगावॉट हवे असतील तर गाडीचा रेझिस्टन्स येतो 1.34 ओहम. म्हणजे अगदी शक्य कोटीतला! मी गप्प बसलो. लेकीने तेवढ्यात विचारलंच, "मग अर्थिंग?"

मोटर रिवाइंडिंगवाला
वॉट बरोबर असेल हो, पण युनिट किती? तो तडाखा 30 मायक्रोसेकंद टिकला असं धरा. 1.21 गिगावॉट गुणिले तेवढा वेळ, हातात येतात 10 वॉट-अवर. 10 वॉटचा एलईडी दिवा तासभर लावलात की हिशेब संपला. माझ्याकडेही लोक "किती एचपी?" एवढंच विचारतात, मोटर किती वेळ चालवणार ते सांगत नाहीत. मग जळली की परत येतात. त्या गाडीचे एचपी मी काढलेत, 16 लाखांच्या वर.

वीजनिर्मिती केंद्रातला ऑपरेटर, निवृत्त
डॉक म्हणतो, एवढी पॉवर फक्त आकाशातली वीज देऊ शकते. हे काही खरं नाही. 1955 साली अमेरिकेतच ग्रँड कूली धरणावर 108 मेगावॉटचे 18 जनरेटर होते. करा बेरीज. अडचण ती गाडीपर्यंत आणायची आहे. त्यांच्या घरातल्या 120 व्होल्टवर आणायची म्हटली तर 1 कोटी अँपिअर. केबलची साइज कुणी काढून दाखवा.

लाइटनिंग अरेस्टर बसवणारा
अर्थिंगचा प्रश्न लेकीने बरोबर धरलाय. करंट वरून आला, आकड्यातून गाडीत शिरला, पुढे? खाली रबरी टायर. म्हणजे तो टायरवरून उडी मारूनच जमिनीत जाणार. खऱ्या गाड्यांवर वीज पडते तेव्हाही असंच होतं, कधी कधी टायर फुटतात. सिनेमात गाडी तोवर गायब झालेली असते, तेव्हा टायरची तक्रार कुणी करत नाही.

पण माझा जीव अडकला त्या लोंबत्या केबलमध्ये. मनोऱ्यावरून झोका, मग वळण, मग दिव्याच्या खांबावरून रस्त्यावर. आम्ही वीज जमिनीत नेणारी, खाली येणारी पट्टी शक्य तितकी सरळ घेतो. करंट जर एका मायक्रोसेकंदात 30 हजार अँपिअर चढला, तर तारेच्या प्रत्येक मीटरमागे 30 हजार व्होल्टच्या आसपास उभे राहतात. त्यापेक्षा बाजूच्या खांबावर उडी मारणं त्याला सोपं. मी नवा असताना एका इमारतीवर पट्टी कठड्याला वळसा घालून नेली होती, दिसायला छान. मिस्त्री वर आले, काही बोलले नाहीत, पक्कड घेऊन सगळी उखडली. तेव्हा फार राग आला होता.

लाइनमन
डॉक शेवटच्या क्षणी केबलची दोन्ही टोकं हातात धरून प्लग जोडतो आणि तेवढ्यात वीज येते. मी तिथे डोळे मिटतो. एकदा शटडाउन घेऊन (लाइन बंद करून) खांबावर होतो, दोन्ही बाजूंना अर्थ लावलेला. लांब कुठेतरी ढग गडगडला, आमच्यावर थेंबही नव्हता. साहेबांनी सगळ्यांना खाली बोलावलं. आम्ही कुरकुरत उतरलो. दोन बोल्टांचं काम राहिलं होतं. वीज काही मैल लांब पडली तरी लाइन धरून येते, हे त्या दिवशी चहाच्या कपासोबत ऐकलं. डॉकला साहेब नव्हता.

रिले टेस्टिंगवाली
मला टायमिंगचा त्रास होतो. 10:04 म्हणजे अख्खा मिनिट! त्या वेगाने गाडी मिनिटात साधारण 2.4 किलोमीटर जाते. आणि तो 30 मायक्रोसेकंदांचा तडाखा बसतो तेव्हा गाडी सरकते जेमतेम 1.2 मिलिमीटर. आमच्याकडे रिले (बिघाड झाला की लाइन तोडायला सांगणारं उपकरण) काही मिलिसेकंद उशिरा ट्रिप झाला तर रिपोर्टवर लाल शेरा पडतो. इथे अलार्म वाजल्यावर गिअर टाकायचा, त्यात गाडी बंद पडते, हिरो स्टिअरिंगवर डोकं आपटतो, तरी जमतं.

पंखे-मिक्सर दुरुस्ती
कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून ठेवणारा भाग, म्हटलं की एकच आठवण. स्विच बंद, प्लग काढलेला, तरी झटका बसला आणि हातातला स्क्रूड्रायव्हर पलीकडच्या खोलीत. आधी डिस्चार्ज करा रे बाबांनो. मी भूतकाळात गेलो नाही, पण आजोबा दिसले.

पॅनल वायरमन
सगळे चुका काढताय. मला तर तो प्लग निसटणं हाच सिनेमातला सगळ्यात खरा प्रसंग वाटतो. प्लुटोनियम आहे, टाइम मशीन आहे, आणि काम अडलं कशाने? लूज कनेक्शनने! आमचा एक मोठा पॅनल तीन दिवस मधूनच ट्रिप होत होता. ड्रॉइंग तपासली, ब्रेकर बदलला. शेवटी एक लग (तारेच्या टोकाला बसवायची धातूची टोपी) सापडला, क्रिंप न करता, म्हणजे दाबून घट्ट न करता, नुसता खुपसलेला. कुणी केला होता ते मी आजवर सांगितलेलं नाही. (मीच.)

शिकाऊ, दुसरं वर्ष
आमच्या उस्तादांना सिनेमा दाखवला. त्यांना टाइम ट्रॅव्हलमध्ये काडीचा रस नाही, पण पापणी न हलवता पूर्ण पाहिला. गाडी गेली, रस्त्यावर आगीचे दोन पट्टे राहिले, डॉक आनंदाने नाचायला लागला. उस्ताद उठले आणि एवढंच म्हणाले, "जॉइंटला टेप नाही मारली त्याने."