पूर्ण स्ट्रिप घ्या, नाहीतर चालते व्हा!

तिरसट_पुणेकर (मूळ पोस्ट): डॉक्टरांनी चार गोळ्या लिहून दिल्या, मेडिकलवाला म्हणे दहाची स्ट्रिप घ्या. कात्री चालवायला हात दुखतात का? शुद्ध लुटालूट. सगळ्या स्ट्रिपांना छिद्रांच्या रेघा पाडा, एकेक गोळी तोडून मिळू दे, विषय संपला.

दुकानदार_सांगली: हे वाचून डोकं फिरलं, म्हणून शटर ओढून लिहायला बसलोय. चार कापून दिल्या की उरलेल्या सहा माझ्या गळ्यात. बॅच नंबर आणि एक्स्पायरी एकाच टोकाला छापलेली, अन् गिऱ्हाईक नेमकं तेच टोक मागतं. पुढचा येतो तो "तारीख कुठंय?" म्हणून भांडतो. उरलेला तुकडा कंपनी परत घेत नाही. घाईत कात्री गोळीच्या खळग्याला लागली की ओल आत शिरते, ती गोळीही गेली. आम्ही काय हौसेनं नाही म्हणतो? 2023 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं छिद्रांची सूचना केलीच होती. आमच्या काउंटरवर अजून कात्रीच आहे.

पॅकिंगवाला: छिद्रं पाडणं अवघड नाही. खळग्यात गोळ्या पडल्या, वरून फॉइल चिकटलं, की पुढे दातेरी पातं बसतं. रेघ सीलच्या पट्टीतून जाते, खळग्यातून नाही, त्यामुळे ओल शिरत नाही. फक्त पट्टी रुंद लागते, म्हणजे फॉइल जास्त. शिवाय रेघ जास्त कापली तर स्ट्रिप खोक्यातच तुटते, कमी कापली तर आजोबा दात लावतात. आणि प्रत्येक गोळीमागे तारीख छापली नाही तर या रेघांचा उपयोग शून्य.

तिरसट_पुणेकर: पोस्टाच्या तिकिटांना 1854 पासून छिद्रं आहेत. औषधवाल्यांनाच कसं जमत नाही?

तिकीटवेडा: थांबा! 1854 ला छिद्रं इंग्लंडच्या तिकिटांना. हेन्री आर्चरच्या छिद्रं पाडणाऱ्या यंत्राचं पेटंट सरकारनं 4000 पौंडांना घेतलं, त्यानंतर. आपली 1854 ची तिकिटं बिनछिद्राची, कात्रीनं कापायची. सिंध डाकची, म्हणजे सिंध प्रांताच्या टपालाची, 1852 ची तिकिटं पण तशीच. छिद्रं आली 1855 च्या, लंडनहून छापून आलेल्या तिकिटांना. 14 गेज, म्हणजे दोन सेंटिमीटरमध्ये 14 भोकं.

दुकानदार_सांगली: इथं गोळ्यांचं चाललंय हो.

तिकीटवेडा: तेच सांगतोय. बिनछिद्राच्या तिकिटाला चारी बाजूंनी कोरा कागद शिल्लक असेल तर किंमत, नाहीतर कवडीमोल. माझ्या चुलतभावानं आजोबांच्या अल्बममधली छिद्रांची तिकिटं "नीटनेटकी" करायला दाते कापून टाकले. आजतागायत त्याच्याशी बोलत नाही.

पॅकिंगवाला: शिवाय कंपन्या तिकिटांवर स्वतःची आद्याक्षरं भोकांनी पाडायच्या, कारकुनांनी ढापू नयेत म्हणून. तेही सांगा की.

तिकीटवेडा: सांगणारच होतो, पण तुम्ही मध्ये तोंड घातलंत!

माहेरची_मीना: तुमचं तिकीटपुराण झालं असेल तर एक ऐका. आमच्या मामांनी कापलेला एक-गोळीचा तुकडा अंधारात वेष्टणासकट गिळला. कोपरे ब्लेडसारखे. दुर्बीण घालून काढावा लागला. अन्ननलिका फाटली नाही हे नशीब. जपानमध्ये 1996 पासून स्ट्रिपला एकाच दिशेनं रेघा ठेवतात, ते एकेक गोळी सुटी होऊ नये म्हणूनच. आणि इथं तिरसटराव एकेक तोडून मागताहेत.

तिरसट_पुणेकर: म्हणजे मामांनी चष्मा लावला नाही, म्हणून मी सहा गोळ्यांचे पैसे भरायचे?

माहेरची_मीना: मामांना मोतीबिंदू आहे. बोलताना जरा जपून.

तिरसट_पुणेकर: बरं, दोन-दोनच्या जोडीनं तोडू द्या. तेवढ्यापुरतं जपान बरोबर. पण दुकानदार चोर हे माझं मत कायम आहे.

दुकानदार_सांगली: उपकार झाले. या एकदा दुकानात, चार गोळ्या फुकट देतो, तारखेच्या टोकासकट. उरलेल्या सहा तुम्ही खपवून दाखवा.

तिकीटवेडा: तो अल्बम पुण्यात कुणाला नीट करून देता येईल का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.