प्रतिसाद: मॉरिशसमध्ये काय खावं, काय बघावं

वर विचारलंय की रिसॉर्टचा बुफे सोडून मॉरिशसमध्ये बाहेर काय खावं, आणि शाकाहारी माणसाचे हाल होतात का. अजिबात होत नाहीत. एक दिवस राजधानी पोर्ट लुईच्या बाजारासाठी राखून ठेवा, आणि जाताना नाश्ता करू नका.

पहिली 'ढोल पुरी' खा. नावात पुरी असली तरी ती तळलेली नसते. उकडून वाटलेली डाळ भरलेली, पातळ, मऊसूत पोळी. थोडक्यात बिनगुळाची पुरणपोळीच म्हणा ना. दोन पोळ्या एकावर एक ठेवून त्यात पांढऱ्या पावट्यासारख्या दाण्यांची रस्साभाजी, टोमॅटोचं रुगाय (तिथला मसालेदार रस्सा) आणि मिरचीची चटणी घालतात. गुंडाळून कागदात हातात देतात. रस कोपरापर्यंत ओघळतो, त्यामुळे पांढरा शर्ट नको! मिरची कमी सांगा, आपल्या ठेच्याला भारी पडते.

मग बाजारातच आलुदा: थंड दूध, सब्जा, अगर-अगरचे (समुद्री शेवाळापासूनच्या जेलीचे) तुकडे. फालुद्याचा धाकटा भाऊ. समुद्रकिनाऱ्यावर तिखट-मीठ लावलेला अननसही सोडू नका.

बघायचं म्हणाल तर बाजारापासून जवळच आप्रवासी घाट आहे. मजुरीच्या करारावर आणलेले भारतीय मजूर इथे उतरले. त्यांत आपली मराठी माणसंही होती, म्हणून तर तिथे गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते.

जून ते सप्टेंबरात जाणार असाल तर पूर्व किनाऱ्यावर वारा फार असतो. पोहायला पश्चिमेला फ्लिक-आँ-फ्लाकचा किनारा बरा.