मदत हवी आहे : रोआनोकची ६११ आणि १२१८ ही वाफेची इंजिनं बाबांना जवळून दाखवायची आहेत

नमस्कार मंडळी. माझे बाबा तरुणपणी भुसावळला रेल्वेत फायरमन, म्हणजे इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणारे, होते. पुढच्या महिन्यात ते भारतातून येतायत आणि त्यांना व्हर्जिनियातल्या रोआनोकला न्यायचंय. नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेनं तिथल्या स्वतःच्या कारखान्यात बांधलेली दोन वाफेची इंजिनं तिथल्या परिवहन संग्रहालयाची आहेत : १९४३ चं १२१८ आणि १९५० चं ६११. दोन्ही आपापल्या वर्गातली शेवटची उरलेली. ६११ चं गोळीसारखं निमुळतं नाक फोटोत बघून बाबा लगेच म्हणाले, "अरे, ही तर आपल्या डब्ल्यूपीची बहीण!" डब्ल्यूपी म्हणजे आपल्या भारतीय रेल्वेचं तसंच नाक असलेलं वाफेचं इंजिन. फरक एवढाच की डब्ल्यूपीत कोळसा फावड्यानं टाकावा लागे, ६११ मध्ये यांत्रिक स्टोकर, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारं यंत्र, आहे. तो स्टोकर त्यांना बघायचाच आहे.

अलीकडे कोणी जाऊन आलंय का? ६११ अधूनमधून सहलीच्या गाड्या ओढायला बाहेर असतं, तर ते जागेवर आहे हे आधी कोणाकडून खात्रीनं कळेल? फूटप्लेटवर, म्हणजे ड्रायव्हर-फायरमन उभे राहतात तिथे, चढू देतात का? बाबांचे गुडघे दुखतात, उंच पायऱ्या जमणार नाहीत. खालून भट्टीचं दार नीट दिसतं का?

जुन्या स्टेशनातलं ओ. विन्स्टन लिंक यांच्या छायाचित्रांचं संग्रहालयही करायचंय. १९५५ पासून त्यांनी याच रेल्वेची शेवटची वाफेची इंजिनं रात्री फ्लॅश लावून टिपली. दोन्ही ठिकाणं एका दिवसात, बाबांची दमछाक न होता होतील, की मुक्काम करावा? कृपया सांगा.