देवयानीचा वेग काढताना गाडी अडली, मदत हवी आहे

राम राम मंडळी. बीएस्सीला आहो, गाव दारव्ह्याकडचं. प्रोजेक्टला देवयानी दीर्घिकेचा (अँड्रोमेडा गॅलेक्सी) फिरण्याचा वेग काढून रायलो. (आमच्या वावरातून नुसत्या डोळ्यांनी दिसते ती, पण सरांना आकडे पाहिजे!)

अख्खी दीर्घिका सेकंदाला सुमारे ३०० किमीनं आपल्याकडंच येते, तो वेग आधी काढून टाकला. दीर्घिकेची चपटी तबकडी समोरून गोल दिसण्यापासून ७७ अंश कललेली (म्हणजे जवळपास कडेनं दिसते), म्हणून तिच्या दिसणाऱ्या लंबगोलाच्या लांब अक्षावरचे वेग साइन ७७ नं भागले. जेमतेम अडीच टक्के फरक. पण अक्षाच्या बाजूला असलेल्या बिंदूंचं काय करायचं? तिथं लांब अक्षापासूनच्या कोनाचा कोसाइन घ्यायचा म्हणतात, तो कोन आकाशातल्या नकाशावरून मोजायचा का तबकडीवरून?

१९७० मध्ये खगोलशास्त्रज्ञ व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी हेच मोजलं होतं. सोडवलेलं एखादं उदाहरण असल्यास फोटो टाका, नेट इथं रात्रीच चालते.