‘बिनशर्त स्वीकार’ की ‘पदरात घेणे’?

पानवेल : वसईतील आमच्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) तरुणांसाठी एक इंग्रजी पत्रक मराठीत आणताना, देव माणसाची लायकी न तपासता त्याला आपला मानतो या अर्थी मी ‘बिनशर्त स्वीकार’ असे लिहिले. धर्मशिक्षण देणाऱ्या एका ज्येष्ठ बाईंनी त्यावर हरकत घेतली की पाठिंबा बिनशर्त असतो, माफी बिनशर्त असते. देव काय आघाडी सरकारात सामील होतो आहे? कृपया पर्याय सुचवावा.

शब्दरसिक : बाईंचे म्हणणे रास्त आहे. ‘पदरात घेणे’ हा घरचा वाक्प्रचार असताना कचेरीतला शब्द कशाला हवा? पदरात घेताना दोष नाकारलेले नसतात, दोषांसकट माणूस घेतलेला असतो. लूकच्या शुभवर्तमानाच्या 15व्या अध्यायातील, घर सोडून सगळे उधळून परतणारा धाकटा मुलगा ‘मला मजूर म्हणून ठेवा’ हे वाक्य मनाशी जुळवून येतो, पण बाप त्याला ते उच्चारूच देत नाही. झगा आणि अंगठी मागवतो.

कोशप्रेमी : पण राजाच्या ‘पदरी असणे’ म्हणजे चाकरीत असणे! ज्या मजुरीतून बाप त्याला वाचवतो, तिथेच तुम्ही त्याला परत बसवता. त्यापेक्षा ‘आपंगणे’ (निराधाराला आपला म्हणून जवळ करणे) घ्यावे. ‘ज्यासि आपंगिता नाहीं’ हे तुकोबांचे शब्द कोणाला ठाऊक नाहीत? माझ्या मते त्यात ‘आप’ आणि ‘अंग’ दोन्ही आहेत.

शब्दरसिक : ‘पदरी असणे’ आणि ‘पदरात घेणे’ एक नव्हे. शिवाय बायबलमधील यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या 49व्या अध्यायात आई तान्ह्याला विसरली तरी मी विसरणार नाही असे देव म्हणतो, तेव्हा त्याला पदर शोभतोच. ‘आप’ अधिक ‘अंग’ ही व्युत्पत्ती मात्र निव्वळ कानाने लावलेली दिसते.

मांडवी : ‘आपंगणे’ छापले, तर तरुणांना पत्रकासोबत शब्दकोशही वाटावा लागेल. माझी शंका वेगळी आहे. पापनिवेदनात, म्हणजे धर्मगुरूंपुढे पापांची कबुली देताना, पश्चात्ताप हवा, पाप बोलून दाखवायला हवे, धर्मगुरूंनी दिलेले प्रायश्चित्तही करायला हवे. मग ‘बिनशर्त’ हा अर्थच कितपत खरा?

पानवेल : या अटी मुलाने घरी परतण्याच्या आहेत, त्याने मुलगा असण्याच्या नाहीत. कॅथलिक चर्चच्या ट्रेंटच्या परिषदेने 1547 मध्ये स्पष्ट केले की देवाकडून नीतिमान ठरवले जाण्याआधीचे काहीही, मग ती श्रद्धा असो वा कर्म, त्या कृपेला पात्र करत नाही. मिस्सामध्येही (चर्चमधील मुख्य उपासनेत) ख्रिस्तशरीर स्वीकारण्याच्या अगदी आधी, प्रभूने आपल्या घरी यावे इतकी आपली योग्यता नाही, असे शुभवर्तमानातील, येशूकडे नोकराला बरे करण्याची विनंती करणाऱ्या रोमी शताधिपतीच्या (सेनानायकाच्या) शब्दांत सगळे म्हणतात आणि लगेच रांगेत उभे राहतात.

कोशप्रेमी : तर मग ‘अनुग्रह’ का नको? मराठीत ख्रिस्तकथा रचणाऱ्या फादर स्टीफन्सनी 1616च्या ‘ख्रिस्तपुराणा’त स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणण्यास संकोच केला नाही.

शब्दरसिक : अनुग्रह गुरू करतो आणि तो शिष्याला मिळतो. इथे नाते बापलेकाचे आहे.

मांडवी : तान्ह्या बाळाला स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) देतात, ते काहीच मागत नाही, हे मान्य आहे. पण त्या वेळी सैतानाचा त्याग करण्याचे वचन आईबाप आणि धर्ममातापिता देतात, त्याला अट म्हणायचे की नाही?