'व्हय म्हाराजा!' मधलं उद्गारचिन्ह

उद्गारचिन्ह फक्त आश्चर्यासाठी, बाकी ठिकाणी काढून टाकावं, असं काही जण सांगतात. मला हे अजिबात पटत नाही. आमच्याकडे मालवणात देवापुढे गाऱ्हाणं घालतात, म्हणजे सगळ्यांच्या वतीने मागणं मागतात, ते आठवा. 'बा देवा म्हाराजा' म्हणून सुरुवात होते, एकेक मागणं मांडलं जातं आणि दर वाक्याला जमलेली माणसं एकसुरात म्हणतात, 'व्हय म्हाराजा!' यात आश्चर्य कुठे आहे? हा होकार आहे, अख्ख्या वाडीचा मिळून. जत्रेच्या पत्रिकेसाठी मी गाऱ्हाणं लिहून दिलं, तेव्हा छापणाऱ्याने प्रत्येक 'व्हय म्हाराजा'पुढे पूर्णविराम टाकला. मोठ्याने वाचून पाहिलं, तर एकच माणूस कोपऱ्यात पुटपुटतोय असं वाटलं. सगळी चिन्हं परत घालून घेतली.

जुन्या मोडी लिपीत विरामचिन्हं नव्हतीच. ती १९व्या शतकात इंग्रजीवरून मराठीत आली, ती रूढ करण्यात इंग्रज अधिकारी आणि कोशकार मेजर कँडींचा मोठा वाटा. चिन्ह बाहेरून आलं तरी त्यातला आवाज आपला आहे. 'अरेरे!' मध्ये हळहळ, 'छे!' मध्ये नकार, 'शाब्बास!' मध्ये पाठीवरची थाप. आणि मुंबईहून आलेल्या नातवाच्या गालावरून हात फिरवत आजी म्हणते, 'मेल्या! किती बारीक झालंस!' त्या 'मेल्या'पुढे नुसता स्वल्पविराम दिलात, तर तिचा भरून आलेला गळा कागदावर कसा उतरणार?